उसना आवाज

शाळेत टॅब्लेट आले तेव्हा शिशुवर्गाच्या बाईंनी सगळ्यांत आधी कुलपाचं कपाट मागितलं.

"चोरांची भीती वाटते का?" मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, विचारलं.

"चोरांची कसली? माझ्या पोरांची वाटते. एकदा ही त्याला चिकटली की सुरीने सोडवावी लागतील."

बाईंचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एकाने पडद्यावरचं सफरचंद गोड आहे का ते जिभेने तपासलं. दुसऱ्याने बोटाला लागलेला डिंक काचेवर पुसला आणि मग 'हा चालत नाही' म्हणून भोकाड पसरलं. आकड्यांचा एक खेळ होता. बरोबर उत्तराला टाळ्या वाजायच्या आणि चुकलं की 'पोंऽऽ' असा आवाज यायचा. टाळ्यांपेक्षा 'पोंऽऽ' कितीतरी मजेदार आहे हे पोरांनी लगेच हेरलं. दोन आणि एक किती, हे येत असलेलं गणितही मग वर्गात कुणालाच येईना. सगळा वर्ग मन लावून चुकत बसला.

बाई हसल्या, पण त्यांनी नियम केले. एका टॅब्लेटला दोन मुलं, आणि दोघांनी एकमेकांशी बोलत काम करायचं. खिडकीतल्या कुंडीत लावलेल्या वालाचा रोज फोटो काढायचा आणि कालच्यापेक्षा काय बदललं ते शेजाऱ्याला सांगायचं. असं केल्यावर त्या काचेच्या पाट्या बाईंना थोड्या सुसह्य झाल्या.

नियमात एकच मूल बसत नव्हतं. भिंगरी.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. आनंद झाला की ती जागच्या जागी गरगर फिरायची, फ्रॉकचा घेर फुलायचा आणि मग धपकन खाली बसायची. पाच वर्षं उलटली होती, पण तोंडातून एक 'अं' सोडला तर शब्द नाही. कान उत्तम होते. सांगितलेलं सगळं समजायचं, विनोदाला तर इतरांच्या आधी हसायची. डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की घसा ठीक आहे, जीभ ठीक आहे, पण डोक्यातून तोंडाकडे निरोप पोचत नाही. पोचेल कदाचित. कदाचित नाही.

घरी आई डोळ्यांवरूनच सगळं ओळखायची. वर्गात तीसेक पोरं, तिथे कोण डोळे वाचणार? भिंगरी आधी ओढायची, मग ढकलायची आणि अगदी नाइलाज झाला की चावायची. तिच्या शेजारी बसायची ती बडबडी. ही मुलगी झोपेतही गप्प नसते, असं तिचे आईवडीलच सांगत. बडबडीच्या दंडावर दातांच्या खुणा होत्या आणि ती त्या नव्या बांगड्या दाखवाव्यात तशा सगळ्यांना दाखवत फिरायची.

अशात बाईंना एका प्रशिक्षणाला पाठवलं. जेवणानंतरच्या तासाला त्यांचे डोळे जड झाले होते. तेवढ्यात समोरच्या पडद्यावर एक चित्रांची पाटी आली. न बोलणाऱ्या मुलांसाठी होती ती. पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं की टॅब्लेट म्हणायचा, 'मला पाणी हवं.' बाई खाडकन जाग्या झाल्या.

बाईंचे यजमान अर्धांगाचा झटका आल्यावर दोन वर्षं जगले. त्यांची वाचा गेली होती. रोज संध्याकाळी ते हात उचलून म्हणायचे, "ते... ते..." बाई पाणी आणायच्या, चष्मा आणायच्या, पांघरूण, वर्तमानपत्र, मुलाचा फोटो, जे सुचेल ते. ते मान हलवत राहायचे आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. 'ते' म्हणजे काय, हे बाईंना कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई वर्गाचे फोटो काढत सुटल्या. पाण्याची बाटली, बाथरूमचं दार, झोका, रंगांचा डबा. आईचा आणि बाबांचा फोटो मागवून घेतला. नको, अजून, दुखतंय, यांची चित्रं स्वतः काढली. प्रत्येक चित्रामागे आपल्याच आवाजात शब्द भरले. पहिल्यांदा भिंगरीचं बोट धरून बाटलीवर टेकवलं, तर टॅब्लेटमधून बाईंचा खणखणीत आवाज आला, "मला पाणी हवं!" आणि अख्खा वर्ग तोंडावर बोट ठेवून ताठ बसला.

"हे काही खरं नाही," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "लहान मुलीला लहान मुलीचा आवाज पाहिजे."

आवाजाला तोटा नव्हता. बडबडीला रिकाम्या वर्गात बसवलं आणि शब्द म्हणायला सांगितले. तिने भराभर म्हणून टाकले, शिवाय पदरचे घातले. 'मला पाणी हवं' याच्यापुढे 'पण गार' असं जोडलं, ते तिच्या नकळत काढून टाकावं लागलं.

पुष्कळ दिवस काहीच झालं नाही. बाई भिंगरीचं बोट धरून चित्रावर टेकवायच्या, आवाज आला की ताबडतोब ती वस्तू द्यायच्या. भिंगरी वस्तू घ्यायची आणि निघून जायची. मग एके दिवशी मैदानात बाई तिला झोका देत होत्या आणि दमून थांबल्या. भिंगरीने त्यांचा हात ओढला नाही, चावली नाही. झोक्यावरून उतरली, मैदान ओलांडून पायरीवर ठेवलेल्या टॅब्लेटपर्यंत धावत गेली आणि तिने बोट दाबलं.

"अजून!"

बाई मैदानाच्या मध्येच खाली बसल्या. मुलांना वाटलं, पडल्या.

त्यानंतर तिला सगळ्यांत जास्त आवडला तो शब्द म्हणजे 'नको'. जन्मात कधी तिला नको म्हणता आलं नव्हतं, आता ती सगळी कसर भरून काढायला लागली. चित्र काढायला नको, गाणं नको, रांग नको, बाईसुद्धा नको. बाईंनी सगळ्या वर्गाला बजावून ठेवलं, "तिने नको म्हटलं की थांबायचं. कुणी ऐकलंच नाही तर ती बोलेल कशाला?" आणि त्या स्वतःही थांबायच्या. बडबडी तेवढी फार वैतागली.

"बाई, ही बघा ना! माझ्याच आवाजात मलाच नको म्हणते!"

चावणं थांबलं. दारात कुणाचीही चाहूल लागली की भिंगरी उठून बाबांच्या फोटोवर बोट ठेवायची, "बाबा", आणि दाराकडे बघायची. भाजीवाला असो, मोठ्या बाई असोत, टपालवाला असो, ती दाबायचीच.

आई एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. अर्धी रजा टाकून ती बघायला आली. भिंगरीने तिला पाहिलं, टॅब्लेट ओढला आणि "आई" म्हणाली. आईने तोंडावर ओढणी दाबली. "पुन्हा म्हण," ती म्हणाली, "पुन्हा म्हण गं," आणि भिंगरीने इतक्या वेळा म्हटलं की शेवटी बाईंनाच मध्ये पडावं लागलं.

"ह्यांना दाखवायला पाहिजे," आई डोळे पुसत म्हणाली. "ह्यांनी फार वाट पाहिली आहे हो."

बाबा लिफ्टची दुरुस्ती करायचे. दिवसभर इमारतींच्या पोटात, काळोख्या विहिरीसारख्या जागेत उभे राहून तारा आणि चाकं बघायची, असं काम. पालकांना वर्ग बघायला बोलावलं त्या दिवशी ते धुतलेला शर्ट घालून आले. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले तेव्हा त्यांचे गुडघे छातीला लागले. भिंगरीने त्यांच्यासमोर एक गिरकी घेतली, धपकन बसली आणि टॅब्लेट मांडीवर घेतला.

"बाबा."

बाबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी टॅब्लेटकडे पाहिलं, मग मुलीच्या मिटलेल्या ओठांकडे.

"हा कुणाचा आवाज?" त्यांनी विचारलं.

"माझा!" पलीकडून बडबडीने हात वर केला. "मीच म्हटलंय ते. मला सगळं येतं म्हणायला."

ते तिच्याकडे बघत राहिले. भिंगरीला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा दाबलं. बाबा. बाबा. बाबा. त्यांनी काचेवर आपला पंजा ठेवला आणि तसाच दाबून धरला. मग उठून बाहेर व्हरांड्यात गेले. बाई मागोमाग गेल्या.

"बाई, तुम्ही कष्ट घेतलेत, मला कळतंय," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पण पाच वर्षं मी ह्या एका हाकेची वाट बघतोय. आणि ती मारतेय कोण, तर दुसऱ्याची मुलगी."

"हाक तिचीच आहे. आवाज फक्त उसना आहे."

"उसन्याची सवय लागली की माणूस स्वतःचं काही करत नाही. बटण दाबून सगळं मिळतंय म्हटल्यावर ती तोंड कशाला उघडेल?"

"तसं होत नाही. उलट कधी कधी यातूनच बोलणं सुटतं. आणि नाही सुटलं, तरी निदान तिला काय हवंय, काय दुखतंय हे तरी..." बाईंना स्वतःचंच बोलणं पुरेना. जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. यजमानांचं, त्या 'ते... ते...'चं. "तेव्हा माझ्याकडे हे असतं, तर मी कुणाचाही आवाज चालवून घेतला असता."

बाबांनी मान खाली घातली. आवाज चढवला नाही. "वाईट वाटलं ऐकून," ते म्हणाले. "पण तुमच्या मिस्टरांचं बोलून झालं होतं, बाई. माझ्या मुलीचं अजून सुरूच झालेलं नाही."

घरी जाताना, भाजी निवडताना, दुसऱ्या दिवशी हजेरी घेतानाही बाई यावरचं उत्तर शोधत होत्या.

भिंगरीची आत्या दूरच्या शहरात राहायची. तिच्या ओळखीचे एक गृहस्थ न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करतात, अशी त्यांची ख्याती होती. त्यांची पद्धत सरळ होती. हाताने मागितलं तर द्यायचं नाही, चित्र नाही, खूण नाही. गरज गळ्याशी आली की मूल तोंड उघडतं. बाबांनी भिंगरीला वर्षभर आत्याकडे ठेवायचं ठरवलं.

आई तिचं दप्तर आणि पाण्याची बाटली न्यायला आली. बाईंनी आपल्या पिशवीतून स्वतःचा टॅब्लेट काढला. शाळेचा देता येत नव्हता म्हणून त्यांनी रविवारी बसून सगळी पाटी त्यात उतरवली होती.

"हा न्या. परत नाही दिलात तरी चालेल."

आईने तो हातात घेतला, पुसला आणि परत टेबलावर ठेवला. "ते नको म्हणतात. तिथे चालत नाही असलं काही."

"आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणता?"

आई कसनुशी हसली. "आमच्या घरात मुलगी मुकी आणि नवरा मुखदुर्बळ. बोलणारी मी एकटी, आणि माझंच कुणी ऐकत नाही."

भिंगरीला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते काम बाईंनी केलं. तिला जवळ बसवून सांगितलं की आता आत्याकडे जायचं, तिथे नवी शाळा, नवीन बाई. भिंगरीने शांतपणे ऐकून घेतलं. मग टॅब्लेट ओढून बोट ठेवलं.

"नको."

भिंगरीने वाट पाहिली. या वर्गात नको म्हटलं की सगळे थांबतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते तिला बाईंनीच शिकवलं होतं. तिने बाईंच्या तोंडाकडे बघत पुन्हा दाबलं. नको. आई दारात दप्तर घेऊन उभी होती. बाईंनी भिंगरीच्या बुटाचा पट्टा लावून दिला आणि तिला उठवलं. तेव्हाही तिचं एक बोट काचेवरच होतं.

पुढच्या वर्षी नवी मुलं आली. बडबडी पहिलीत गेली, तिचे पुढचे दात पडले आणि बोलण्यात शिट्ट्या वाजू लागल्या. वर्गात आणखी एक अडखळत बोलणारं मूल होतं, त्याच्यासाठी बाईंनी वेगळी पाटी केली. भिंगरीची जुनी पाटी मात्र त्यांनी पुसली नाही.

आत्याकडचं वर्ष संपत आलं होतं तेव्हा शाळा सुटायच्या वेळी बाबा दारात येऊन उभे राहिले. कामावरूनच आले होते, हाताला वंगण होतं. काखेत नवा कोरा टॅब्लेट होता, खोक्यातून न काढलेला.

"आणलं तिला परत," ते म्हणाले.

बाईंनी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"दाढ सडली होती. आत, मागची. कितीतरी दिवस दुखत असणार. ती जेवायची नाही, डोकं आपटायची. ते गृहस्थ म्हणाले, हट्ट आहे, दाद देऊ नका, आता बोलेलच. आत्याने फोन केला तर मीही तेच म्हटलं. दाद देऊ नकोस." त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं. "गाल सुजून डोळ्यापर्यंत आला तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला विचारतात, इतके दिवस तिने काही सांगितलं कसं नाही?"

बाईंनी खोकं उघडायला घेतलं, कारण दुसरं काय करावं त्यांना कळेना.

"ते सगळं ह्यात भरून द्या," बाबा म्हणाले. "आवाज त्याच मुलीचा असू दे. मला चालेल."

भिंगरी सोमवारपासून आली. उंच झाली होती, केस बारीक कापले होते. तिला वर्ग आठवत होता. खुंटी शोधून तिने दप्तर बरोबर अडकवलं. ढकलाढकली नाही, चावणं नाही. पण गिरकीही नाही. जागेवर बसली आणि टॅब्लेट समोर आल्याबरोबर तिने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिली.

"हे काय?" बाबांनी विचारलं. ते सकाळची पाळी बदलून घेऊन तिच्यासोबत आले होते.

विचारता विचारताच त्यांना ते कळलं. त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "हाताने मागायचं नाही. तिकडे असंच बसवायचे."

"तिला आता काही विचारू नका," बाई म्हणाल्या. "तिचं बोटही धरायचं नाही. तुम्हीच बोला त्याच्यातून. तुम्हाला जे हवं ते मागा. मूल दुसऱ्याचं ऐकूनच शिकतं ना?"

तेव्हापासून रोज सकाळी लिफ्ट दुरुस्त करणारा तो धिप्पाड माणूस बुटक्या खुर्चीवर बसून जाड बोटाने चित्रं दाबायचा आणि एका छोट्या मुलीच्या आवाजात म्हणायचा, "मला पाणी हवं." पोरं खो खो हसायची. तेही थोडं हसायचे. बाई पाणी द्यायच्या, ते प्यायचे, "अजून" दाबायचे, पुन्हा प्यायचे. भिंगरी हातांवर बसून बघायची.

एकदा मुलं मैदानात गेलेली असताना बाबांनी विचारलं, "बाई, तेव्हा ती... मी नसताना, कधी म्हणायची का? माझं?"

खोटं सांगणं सोपं होतं. कमी करून सांगणंही. बाईंना तसं करवलं नाही.

"दारात कुणीही आलं की म्हणायची. रोज. दिवसातून दहा वेळा तरी."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "मी एकदाच आलो होतो," ते म्हणाले.

उन्हाळ्यापर्यंत भिंगरीचे हात मांडीखालून बाहेर आले. ती खडू धरू लागली, डबा उघडू लागली, एकदा खिडकीतल्या रोपाला पाणी घातलं. काचेला मात्र तिने बोट लावलं नाही. बाबा घरीही त्यातूनच बोलतात, असं आई सांगायची. जेवताना, दिवा लावताना, सगळं. "मी जन्मभर माझ्याशी बोला म्हणत होते, ते आता बोलायला लागलेत," ती हसत म्हणाली.

शिशुवर्गाचं वय उलटलं म्हणून भिंगरीला तिथून काढून दुसऱ्या शाळेत घालावं लागलं. तिथे अशा मुलांसाठी वेगळा वर्ग होता. निरोपाच्या दिवशी तिने बाईंना हात हलवून दाखवला, आईने सांगितलं तसा, आणि बाबांचं बोट धरून निघून गेली.

चार दिवसांनी त्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. आवाजावरून तरुण वाटत होत्या. माहिती भरून घ्यायची होती. ऐकू येतं का, चष्मा आहे का, एकटीने जेवते का. बाईंनी सगळं नीट सांगितलं. चित्रांच्या पाटीचं सांगितलं, हातांचं सांगितलं, बाबांना बसू द्या म्हणून सांगितलं.

"बरं," पलीकडून विचारलं, "आणि बोलते का?"

"बोलायची," बाई म्हणाल्या.

त्या तरुण बाईंना काय लिहावं कळलं नसावं. बाई फोन कानाला लावून, पुढचा प्रश्न येईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.